पॉइंटांचा उतारा

काजूच्या धंद्यात बी घेण्यापूर्वी ती कापून पाहण्याची रीत आहे. वेगवेगळ्या गोणींतून काढलेल्या नमुन्यातली एक किलो बी आधी मोजायची, म्हणजे किलोत किती नग बसतात ते कळते. मग एकेक बी कटरने उभी चिरायची आणि आतला गर काढून त्याचे ढीग लावायचे. चांगला गर एकीकडे, डागी आणि अपक्व दुसरीकडे, किडका व पोकळ तिसरीकडे. चांगल्याचे पूर्ण वजन आणि डागी-अपक्वाचे निम्मे वजन धरून जी बेरीज येते, तिच्यावरून ८० किलोच्या गोणीत किती पौंड गर मिळेल ते काढतात आणि त्या आकड्याला उतारा म्हणतात. एका किलोत धरण्याजोगा गर २७२ ग्रॅम भरला तर उतारा ४८ पौंड. बी दिसायला कितीही टपोरी असो, सौदा उताऱ्यावर होतो. बाबांनी मला हे शिकवले तेव्हा मी कॉलेजात होते, आणि त्यानंतरची अनेक वर्षे मी आफ्रिकेतल्या गोदामांत पोत्यांच्या थप्पीशेजारी बसून हेच करत आले. विमान कंपन्यांचे पॉइंट मात्र मी इतकी वर्षे न कापताच साठवत राहिले, याचे आता माझे मलाच नवल वाटते.

आमचा कारखाना वेंगुर्ले तालुक्यात आहे. कोकणातली बी मार्चपासून पाऊस पडेपर्यंत येते, आणि तेवढ्यावर वर्षभर बाया-माणसांच्या हाताला काम देता येत नाही, म्हणून बाहेरची बी आणावी लागते. पश्चिम आफ्रिकेचा, म्हणजे आयव्हरी कोस्ट, घाना, बेनिन या बाजूचा हंगाम साधारण फेब्रुवारीत सुरू होतो, तर टांझानियाचा माल ऑक्टोबरनंतर लिलावात येतो. त्यामुळे वर्षातून दोन, कधी तीन खेपा आफ्रिकेच्या, दुबईत गल्फूडचे प्रदर्शन असेल तेव्हा एक तिकडची, आणि उरलेला प्रवास दिल्लीचा, कारण खारी बावलीतले घाऊक व्यापारी फोनवर भाव ठरवतात तरी वसुली समोर बसल्याशिवाय होत नाही. हा सगळा प्रवास मी एकटीने करते. अशा प्रवाशाने लॉयल्टी प्रोग्रॅमकडे, म्हणजे पुन्हा पुन्हा त्याच कंपनीने गेल्याबद्दल पॉइंट आणि सवलती देणाऱ्या योजनेकडे, कसे पाहावे आणि एका कंपनीकडून दुसरीकडे जाताना काय हिशेब करावा, एवढ्यापुरतेच हे लिहीत आहे.

माझे जुने कार्ड एका आखाती कंपनीचे होते. तिचे नाव घेत नाही, कारण पुढे तक्रारीचा भाग आहे आणि ती तक्रार तशी कोणत्याही कंपनीबद्दल करता येईल. आफ्रिकेला जायचे तर आखातात विमान बदलायचे, हे तेव्हा गृहीतच होते. पहिल्या दोन वर्षांत कार्डाचा रंग बदलला, म्हणजे दर्जा वाढला, आणि मला लाउंज मिळू लागले. एकट्या बाईला रात्री दोन वाजता परक्या विमानतळावर सहा तास काढायचे असतात तेव्हा लाउंज म्हणजे काय, हे ज्याने तसे सहा तास काढले आहेत त्यालाच कळेल. तिथे अंघोळीची सोय असते, बॅग खुर्चीला न बांधता डोळा लावता येतो, आणि कोणी शेजारी येऊन बसले तरी आपण बिनघोर असतो. दुसरा खरा लाभ जादा बॅगेचा. ओलावा मोजण्याचे यंत्र एक वेळ हातातल्या बॅगेत नेता येते, पण बी कापण्याचा कटर धारदार असल्यामुळे तो सामानातच टाकावा लागतो, आणि जाताना गिऱ्हाइकांना दाखवायचे गराचे नमुने, शिवाय आबिदजानला स्थायिक झालेल्या एका देशी कुटुंबासाठी कोकमे आणि मालवणी मसाला असतोच. हे दोन लाभ सोडले तर बाकीचे, म्हणजे आधी विमानात चढणे, नाव घेऊन स्वागत होणे वगैरे, ही मनाची हौस. ती मला नव्हती असे म्हणणे खोटे ठरेल. आफ्रिकेच्या प्रवासात माझ्या पर्समध्ये आणखी एक कार्ड असते, पीतज्वराची लस घेतल्याच्या दाखल्याचे. ते विसरले तर परतताना मुंबईत विलगीकरणात जाण्याची वेळ येते. सोनेरी कार्ड विसरले तर काहीच होत नाही. तरी कित्येकदा मी निघताना आधी सोनेरी कार्ड चाचपले आहे.

बाबांना या सगळ्याचे फारसे कौतुक नव्हते. एकदा मी कार्डाचा रंग बदलल्याचे सांगितले तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि एकच प्रश्न विचारला: "त्या कार्डार चवथीक पोरांक हाडूक गावता काय गो? तां आधी बघ." माझा भाऊ दिल्लीला असतो, आणि चतुर्थीला तो, वहिनी आणि दोन मुले घरी येणे हा आमच्या घरातला वर्षाचा सर्वांत महाग प्रवास. त्या कार्डावर तो होत नव्हता. मी तेव्हा विषय टाळला.

दरम्यान आमच्या बाजूचा विमानांचा भूगोल बदलला. पूर्वी आम्हांला गोव्याचा दाबोळी विमानतळ गाठावा लागे. तो मुळात नौदलाचा तळ, त्यामुळे सकाळच्या वेळा नागरी विमानांना मोजक्याच मिळत, आणि सीमा ओलांडून झुआरी पुलावरच्या वाहतुकीतून जाण्यात अर्धा दिवस मोडे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीचा विमानतळ सुरू झाला, तो तर आमच्याच तालुक्यात. पण तिथली सेवा कधी चालू तर कधी बंद अशी राहिली, आणि तिच्या भरवशावर पुढचे आंतरराष्ट्रीय तिकीट काढण्याचे धाडस मला झाले नाही. खरा फरक पडला तो ५ जानेवारी २०२३ पासून, गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावरून विमाने सुटू लागली तेव्हा. पेडणे तालुका म्हणजे आम्हांला शेजार. मोपामुळे मुंबई आणि दिल्ली दोन्ही आटोक्यात आल्या आणि माझ्या वर्षाच्या तिकिटांत देशांतर्गत तिकिटांची संख्या एकदम वाढली. कार्ड मात्र अजून अशा कंपनीचे, जिच्या विमानाने मी वर्षातून दोन-तीनदाच बसणार. प्रवासाचा ओघ एका दिशेला आणि निष्ठा दुसऱ्या, अशी ती अवस्था होती, आणि ती ओळखायला मला दोन वर्षे लागली.

कापून पाहण्याची वेळ आली ती चुलत भावामुळे. फर्मचे हिशेब तो पाहतो. मागच्या मार्चअखेर तो वह्या घेऊन बसला आणि म्हणाला, "ताई, तिकीट फर्मच्या खात्यातून आणि पॉइंट तुझ्या नावावर, हे मी सीएंना कसं सांगू?" मला राग आला. रात्र-रात्र विमानतळावर बसते मी, बारीक तापाने फणफणत अदिस अबाबाहून परतले आहे मी, आणि हा पॉइंटांचा हिशेब मागतो. पण त्याचे म्हणणे चूक नव्हते. बहुतेक सगळ्या प्रोग्रॅममध्ये पॉइंट प्रवाशाच्या नावावर जमा होतात, तिकिटाचे पैसे कोणी दिले याच्याशी कंपनीला कर्तव्य नसते. आणि म्हणूनच नोकरदार किंवा भागीदार माणूस मालकाच्या पैशाने थोडे महाग तिकीट काढतो, कारण महागाई फर्मची आणि पॉइंट आपले. सगळा प्रोग्रॅम या फटीवर उभा आहे असे मला वाटते. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने एअॅडव्हान्टेज सुरू केला तेव्हा तिकडे विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण नुकतेच उठले होते आणि सतत फिरणारा धंदेवाईक प्रवासी धरून ठेवणे हा त्यामागचा उघड हेतू होता. अशा प्रवाशाला स्वस्त तिकिटाचे आमिष दाखवून उपयोग नसतो, कारण तिकिटाचे पैसे त्याच्या खिशातून जात नाहीत.

आमच्या फर्मला ते पैसे खिशातूनच जातात, कारण फर्म म्हणजे आम्हीच. म्हणून चुलत भावाने काढलेला पुढचा कागद मला जास्त लागला. आधीच्या दोन वर्षांत मी आफ्रिकेच्या आणि आखाताच्या मिळून पाच खेपा केल्या होत्या आणि प्रत्येक वेळी त्याच दिवशीचे दुसऱ्या कंपनीचे स्वस्त तिकीट सोडून माझ्या कंपनीचे घेतले होते. त्याने जुन्या मेलमधले एजंटचे भाव शोधून फरक मांडला होता. पाच तिकिटांचा मिळून फरक ४१,००० रुपये.

त्या रात्री मी पॉइंटांचा नमुना कापायला घेतला. खात्यात आतापर्यंत एकूण ८६,४०० पॉइंट जमा झाले होते. त्यांतले ११,४०० मुदत संपून आधीच गेले होते, ते पोकळ. मला हव्या असलेल्या मुंबई-दुबईच्या परतीच्या तिकिटाला ३०,००० पॉइंट लागत होते, म्हणजे दोन तिकिटांचे ६०,००० हे चांगला गर. उरलेल्या १५,००० पॉइंटांत तिसरे तिकीट येत नव्हते आणि नव्याने पॉइंट मिळवायचे तर पुन्हा महाग तिकीट काढावे लागणार होते, म्हणून ते डागी, निम्म्या वजनाचे. धरण्याजोगे पॉइंट झाले ६७,५००. आता एका पॉइंटची किंमत. तेच तिकीट रोखीने १९,५०० रुपयांना होते. पॉइंट देऊनही कर आणि इंधन अधिभार म्हणून ९,३०० रुपये भरावे लागत होते. राहिले १०,२००, ते ३०,००० पॉइंटांत वाटले तर एका पॉइंटला ३४ पैसे. एकूण उतारा २२,९५० रुपये. तेवढ्यासाठी मी ४१,००० रुपये जादा मोजले होते. बाबांनी अशा बीचे पोते दारातून आत घेतले नसते.

या हिशेबात लाउंज आणि जादा बॅग धरलेली नाही, असा आक्षेप मी स्वतःच घेतला. लाउंजच्या एका रात्रीची किंमत मी माझ्यापुरती दोन हजार धरली आणि जादा बॅगेची फी कंपनीच्या दरपत्रकातून काढली. तरीही बेरीज जुळवायला बरीच ओढाताण करावी लागली, आणि ज्या हिशेबाची ओढाताण करावी लागते तो आपल्याला हवा तसा लावलेला असतो. त्यात कंपनीने मधल्या काळात पॉइंटांचे तक्ते वाढवले होते. आधी ज्या तिकिटाला २२,००० लागत त्याला आता ३०,०००. याची पूर्वसूचना एका लांबलचक मेलच्या शेवटी होती आणि मी ती वाचली नव्हती. पॉइंट हे चलन आहे खरे, पण त्याची टांकसाळ, बँक आणि दुकान तिन्ही एकाच मालकाची. तो उद्या दुकानातले भाव वाढवू शकतो आणि आपल्याला ते चलन दुसरीकडे चालवता येत नाही. आपल्याकडे तर दुकानच बंद पडल्याची उदाहरणे आहेत. किंगफिशरची विमाने २०१२ साली थांबली. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी उडाले. तिचा जेटप्रिव्हिलेज प्रोग्रॅम वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळे लोकांचे माइल्स खात्यात राहिले आणि पुढे त्याचे नाव इंटरमाइल्स झाले, पण ज्या विमानात बसायचे तेच नाही म्हटल्यावर कार्डाच्या रंगाला अर्थ राहिला नाही. साठवून ठेवलेली बी पावसाळ्यात जशी ओलावा धरते, तसे साठवलेले पॉइंट वजनाने कमी होत जातात, ही गोष्ट मी तरी आता धरूनच चालते.

मग कुठे जायचे? मोपाहून पाहिले तर पहिले नाव इंडिगोचे. देशातले ६० टक्क्यांहून अधिक प्रवासी तिच्या विमानांत बसतात आणि वेळांची निवडही तिच्याकडेच जास्त. क्रेडिट कार्डाला जोडलेली योजना सोडली तर २००६ पासून उडणाऱ्या या कंपनीने २०२४ पर्यंत स्वतःचा प्रोग्रॅम आणलाच नव्हता, आणि प्रवासी तरीही तिच्याकडे जात होते, ही गोष्ट लॉयल्टीच्या बाजारातल्या सगळ्यांनी विचार करण्याजोगी आहे. आता तिचा ब्लूचिप आहे. माझा दिल्लीचा प्रवास पाहता तो सोयीचा होता. परंतु आफ्रिकेत तो मला उपयोगी पडणार नव्हता आणि रात्रीच्या थांब्याचा माझा प्रश्न तिथेच होता.

दुसरा पर्याय इथिओपियन एअरलाइन्सचा. काजूवाल्यांना ही कंपनी चांगली ठाऊक आहे. मुंबईहून अदिस अबाबा आणि तिथून आबिदजान, अक्रा, दार-एस-सलाम अशी तिची जाळी आहे, आणि आमच्या धंद्यातल्या माणसांना जिथे जायचे असते तिथेच ती जाते. २०११ पासून ती स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या आघाडीत आहे. तिच्या शेबामाइल्स प्रोग्रॅमचा मी विचार केला, पण जमा झालेले पॉइंट वापरायचे कुठे, हा बाबांचा प्रश्न पुन्हा समोर आला. वर्षातून दोनदा आफ्रिकेला जाणारीला आफ्रिकेचे फुकट तिकीट नको असते. ते फर्म काढतेच. तिला दिल्ली-मुंबई हवे असते.

तिसरा पर्याय माझ्याकडे आधीपासून पडून होता आणि मला त्याची आठवणही नव्हती. मोपा सुरू झाल्यावर मी काही वेळा विस्तारा कंपनीच्या विमानाने गेले होते आणि तिच्या क्लब विस्तारा या प्रोग्रॅमचे खाते उघडले होते. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली तेव्हा ते खाते एअर इंडियाच्या महाराजा क्लब या प्रोग्रॅममध्ये आले. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, म्हणजे इथिओपियनच्या विमानात बसताना महाराजा क्लबचा नंबर दिला तर प्रवास त्या खात्यात धरला जातो, आणि त्यातला गोल्ड दर्जा मिळाला की अलायन्समधल्या इतर कंपन्यांकडेही लाउंज आणि जादा सामान मिळते. आफ्रिकेचा प्रवास एका विमानाने करायचा, त्याचे फळ दुसऱ्याच्या खात्यात घ्यायचे आणि ते दिल्ली-मुंबईत वापरायचे, अशी ही वाट होती. या दुसऱ्या खात्यातला उतारा मी त्याच पद्धतीने काढला. दिल्ली-मुंबईचे एक तिकीट त्या दिवशी रोखीने ७,४०० रुपये, पॉइंटांनी ९,००० पॉइंट अधिक ९५० रुपये. म्हणजे पॉइंटला जवळजवळ ७२ पैसे. भाव रोज हलतात, त्यामुळे हा आकडा कोणी कायमचा धरू नये. मी तो लिहिला आहे तो पद्धत कळावी म्हणून.

आणखी एक गोष्ट माझ्या बाजूने होती. पूर्वी पॉइंट उडालेल्या मैलांवर मिळत. कोकणातल्या माणसाला त्याचा काही लाभ नव्हता, कारण मोपा-मुंबई म्हणजे विमान वर चढून पाणी देईपर्यंत उतरायला लागते. अमेरिकेत डेल्टाने २०१५ मध्ये मैलांऐवजी खर्चावर पॉइंट द्यायला सुरुवात केली आणि हळूहळू तीच रीत सगळीकडे पसरली. एअर इंडियाने २०२४ मध्ये ती घेतली. आयत्या वेळी महाग तिकीट काढणाऱ्या व्यापाऱ्याला ही रीत सोयीची, आणि महिनाभर आधी स्वस्त तिकीट काढणाऱ्या काटकसरी माणसाला गैरसोयीची. माझा दिल्लीचा प्रवास नेहमीच आयत्या वेळचा असतो, कारण व्यापारी चेक कधी देणार ते आदल्या दिवशी कळते.

ठरले तरी लगेच उडी घेतली नाही. एका कंपनीचे स्टेटस दाखवून दुसरीकडे त्याच तोडीचे मागण्याची सोय काही कंपन्या वेळोवेळी देतात, तिला स्टेटस मॅच म्हणतात. बहुधा ती काही वर्षांतून एकदाच मिळते आणि ठरावीक महिन्यांत ठरावीक उड्डाणे केली तरच टिकते, त्यामुळे हंगाम तोंडावर असताना ती मागावी, पावसाळ्यात मागून वाया घालवू नये. मी चौकशी केली, पण माझ्या वेळेला ते जुळले नाही आणि मी जवळजवळ शून्यापासून सुरुवात केली. जुन्या खात्यातले ६०,००० पॉइंट मात्र निघण्यापूर्वी वापरून टाकले. धाकटी बहीण शारजाला असते. तिच्याकडे आई-बाबांना पाठवले. बाबांचा तो पहिला विमानप्रवास. परतल्यावर त्यांनी विमानाबद्दल काहीच सांगितले नाही, तिकडच्या दुकानात डब्ल्यू-३२० या प्रतीच्या नावाखाली बारीक काजू विकतात एवढे मात्र चार जणांना सांगितले. उरलेल्या १५,००० पॉइंटांवर कंपनीच्या दुकानात एक प्रवासी बॅग मिळत होती. तिचा उतारा काढला, तो १४ पैसे भरला, तेव्हा ते तसेच सोडून दिले.

पहिला हंगाम कसा गेला ते सांगते. अदिसला चार तास होते आणि मी सर्वसाधारण खुर्च्यांत बसले. तिथली कॉफी उत्तम, ती पैसे देऊन घेतली. पहाटेच्या गर्दीत दोन्ही बॅगा पायांत धरून बसताना जुन्या लाउंजची आठवण आली, आणि आपण फार हुशारी केली असे काही वाटले नाही. माझे नवे कार्ड सध्या सिल्व्हर आहे, आणि अलायन्समध्ये सिल्व्हरला प्रतीक्षायादीत थोडी वरची जागा मिळण्यापलीकडे विशेष काही मिळत नाही. गोल्डला अजून अवकाश आहे. त्या खेपेला जादा बॅगेचे पैसे भरले. तिकीट मात्र त्या वेळी मिळणाऱ्या सगळ्यांत स्वस्त होते, आणि फरक फर्मच्या वहीत दिसतो.

एक चूक केली ती इथे नोंदवते, कारण ती पुष्कळ जण करतात. भागीदार कंपनीच्या विमानावर पॉइंट मिळतात ते तिकिटावरच्या भाडेवर्गाच्या अक्षरावरून. एकाच रांगेत शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांच्या तिकिटांवर वेगळी अक्षरे असू शकतात. एकाला प्रवासाच्या अंतराइतके पॉइंट पडतात, दुसऱ्याला त्याच्या चौथाईने, तर अगदी सवलतीच्या अक्षराला शून्य. एजंटने माझे जातानाचे तिकीट अशाच अक्षराचे काढले होते. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीच स्वस्त सांगितलं होतं." खरे आहे. आता मी भाव विचारते तेव्हा अक्षरही विचारते, आणि फरक पाचशे-हजारांचा असेल तर वरचे घेते, त्याहून जास्त असेल तर नाही.

चुलत भावाशी झालेला समझोता असा: पॉइंट माझ्या नावावरच राहतील, कारण नियमच तसा आहे, पण वर्षातली निम्मी पॉइंटांची तिकिटे फर्मच्या कामासाठी वापरायची आणि निम्मी घरासाठी. ब्लूचिपचा नंबरही मी प्रत्येक तिकिटाला देते, कारण दिल्लीला जाताना वेळ सोयीची असेल त्या विमानाने मी जाते. त्यात वरचा दर्जा गाठायचा प्रयत्न मात्र करत नाही. दोन डगरींवर हात ठेवल्याचा हा आरोप मला मान्य आहे.

यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. दिल्लीच्या भावाच्या चार तिकिटांसाठी मी पॉइंटांवर जागा शोधल्या. थेट मोपाचे भाव त्या आठवड्यात बघवत नाहीत आणि पॉइंटांच्या जागा मला तरी मिळाल्या नाहीत. दिल्ली-मुंबई मात्र दोन तिकिटे मिळाली, दोन रोखीने काढली. पुढे कोकणकन्येने कुडाळ. तिचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि गणपतीच्या तारखांना मिनिटभरात संपते, त्यासाठी घरातल्या तीन फोनवर तिघे बसणार आहोत. बाबांना सांगितले, चारांतली दोन कार्डावर मिळाली. ते म्हणाले, "दोन गावली मां? मागल्या कार्डार एकव गावा नाय." आणि पुन्हा पेपर उघडला.

परतीच्या प्रवासातल्या अदिस-मुंबई टप्प्याचे पॉइंट अजून खात्यात पडलेले नाहीत. अक्षर बरोबर होते, नंबरही दिला होता. अशा वेळी बोर्डिंग पासची प्रत जोडून मागणी करावी लागते, म्हणून विमानातून उतरल्यावर तो तुकडा टाकून द्यायचा नसतो. माझा तो आबिदजानच्या नमुन्यांच्या वहीत आहे, ज्या पानावर ४७ पौंडांचा उतारा लिहिला आहे त्याच पानाला टाचलेला. मागणी सोमवारी पाठवली आहे.